वजन दोरीत असतं

अर्नेस्ट हेमिंग्वेच्या ‘बिग टू-हार्टेड रिव्हर’ या कथेत म्हटलं तर काहीच घडत नाही. निक नावाचा तरुण मिशिगनच्या रानात एकटाच येतो, तंबू ठोकतो आणि दुसऱ्या दिवशी नदीत उतरून ट्राउट धरतो. १९२५च्या ‘इन अवर टाइम’ या संग्रहातली ही शेवटची कथा. निक युद्धावरून परतला आहे, हे हेमिंग्वेने पुढे सांगितलं; कथेत युद्धाचा उच्चारही नाही. आहे ती नुसती मासेमारी, पण काय बारकाईने!

दव वाळायच्या आत निक नाकतोडे गोळा करतो, कारण गारठलेले नाकतोडे उडत नाहीत. हनुवटीखालून खुपसलेला गळ तो पार पोटाच्या टोकापर्यंत नेतो, आणि तो किडा पुढच्या पायांनी गळालाच धरून ठेवतो. वाचताना आपलीच बोटं आखडतात.

काठी मात्र ‘फ्लाय’ची. ‘फ्लाय’ म्हणजे पिसांची बनावट माशी; तिला वजन नसतं. शिसं लावलेला गळ भिरकावला की तो दोरीला ओढत नेतो, इथे उलटं. जड दोरी आधी मागे हवेत उलगडते, मग पुढे झेपावते आणि माशीला सोबत नेते. अशा दोरीला जिवंत नाकतोडा लावणं कडव्या शौकिनांना रुचायचं नाही, ते असो. हेमिंग्वेचं गद्यही याच जातीचं: टोकाला जवळजवळ काही नाही, भार सगळा मागे.

लहान मासा सोडताना निक आधी हात ओला करतो. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे पांढरी बुरशी धरते. गजबजलेल्या ओढ्यांत असे मेलेले मासे त्याने पाहिलेले आहेत. मग एक प्रचंड ट्राउट लागतो, रीळ भरारा सुटतं आणि टोकाची बारीक तात तुटते. निकचा हात थरथरतो, मळमळतं. त्याला बसून सिगारेट ओढावी लागते. एका माशापायी एवढं? न सांगितलेलं युद्ध मला इथेच सर्वांत जवळ आलेलं वाटतं.

शेवटी पुढच्या दलदलीत जायचं निक टाळतो. समीक्षक या दलदलीला लगेच प्रतीक करून टाकतात. पण निकची अडचण आधी मासेमाराची आहे: काखेपर्यंत पाणी, डोक्यावर देवदारांची दाटी, मोठा मासा लागला तरी तो काढायला जागाच नाही.