डोकं देखणं, पाय धुक्यात

दर जुलैत ‘आर्ट फाइट’ सुरू होते आणि देशोदेशीचे हौशी चित्रकार महिनाभर एकमेकांवर चित्रांनी हल्ले चढवतात. खेळ साधा आहे. दोन गट पडतात. प्रत्येकाने आपली मनाने रचलेली पात्रं मांडून ठेवायची. समोरच्या गटातल्या कुणी त्यांतलं एखादं पात्र चितारलं की तो आपल्यावर हल्ला. सूड म्हणून आपण त्याचं पात्र काढायचं. गुण मिळतात ते कष्टांवर: रेषा कच्ची की घोटलेली, रंग भरलेत का, छायाप्रकाश आहे का, मागे देखावा आहे का, आणि पात्राचं शरीर किती दिसतं. नुसत्या डोक्याला कमी गुण, अर्ध्या शरीराला थोडे अधिक, नखशिखान्त आकृतीला सर्वाधिक.

असे सामुदायिक उपक्रम आता बारमाही झालेत. जेक पार्करने २००९ मध्ये सुरू केलेला ‘इंकटोबर’ ऑक्टोबरभर रोज एक शाईचं चित्र मागतो. ‘मुलान’मधल्या मुशू ड्रॅगनला चालतं-बोलतं करणाऱ्या टॉम बँक्रॉफ्टचा ‘मरमे’ मे महिन्यात मत्स्यकन्या मागतो. मत्स्यकन्येला पाय नसतात, ही गोष्ट त्या उपक्रमाच्या लोकप्रियतेला थोडीतरी हातभार लावत असावी, असा मला दाट संशय आहे.

कारण या चित्रकलेचं खरं दुखणं खांद्याखाली आहे. काल्पनिक जनावरांची डोकी आज विलक्षण चांगली काढली जातात. पंखांचे लांडगे, हरणाच्या शिंगांची मांजरं, खवल्यांचे कोल्हे. डोळ्यांतली चमक, कानांच्या आतले केस, नाकाचा ओलसरपणा, सगळं जागच्या जागी. फोनवर ‘आयबिस पेंट’ घेऊन बसलेली सोळा-सतरा वर्षांची मुलंसुद्धा असे चेहरे काढतात की पाहत राहावं. मग नजर खाली घसरते. मान धडात कशी रुतली आहे ते कळत नाही, पुढचे पाय छातीला चिकटवल्यासारखे दिसतात, आणि पंजे जिथे जमिनीला टेकायला हवेत तिथे गवत उगवतं, धुकं दाटतं किंवा चमचमती धूळ उडते. हे धुकं हवामानाचं नसतं.

दोष एकट्या आजच्या पिढीचा नाही. खोटं जनावर खरं कसं भासवावं याची कृती लिओनार्दोने आपल्या टिपणवह्यांत लिहून ठेवली आहे. ड्रॅगन काढायचा तर डोकं दांडग्या शिकारी कुत्र्याचं घ्या, डोळे मांजराचे, कान साळिंदराचे, नाक ग्रेहाउंडचं, भुवया सिंहाच्या, कानशिलं म्हाताऱ्या कोंबड्याची आणि मान कासवाची. कृती उत्तम आहे, आजही तीच चालते. फक्त ती मानेपाशी थांबते. पुढच्या धडाचं काय करायचं, ते ज्याचं त्याने पाहावं. शरीरशास्त्रासाठी प्रेतं चिरणाऱ्या लिओनार्दोला ते सांगायची गरज वाटली नसेल. आपल्याला आहे.

चारपायी प्राण्याच्या मागच्या पायात जो ‘उलटा गुडघा’ दिसतो, तो गुडघा नसून घोटा असतो. कुत्रा आणि मांजर बोटांवर चालतात, टाच हवेत. घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटाच्या नखावर उभा असतो. अस्वल मात्र मागचे पाय आपल्यासारखे टाचेसकट टेकवतं. आता एखादं पात्र लांडगा आणि घोडा यांचं मिश्रण आहे म्हटलं, की चित्रकाराला आधी ठरवावं लागतं ते टाच कुठे आहे. ते न ठरवता रंगवलेला पाय कितीही केसाळ असला तरी लोंबकळतो. पुढच्या पायांची गोष्ट आणखी गमतीची. घोड्या-कुत्र्यांत पुढचे पाय आणि धड यांच्यात हाडाचा सांधाच नसतो. धड दोन खांद्यांच्या मधे स्नायूंच्या पट्ट्यांवर तोललेलं असतं, आणि शरीराच्या भारातला निम्म्याहून जास्त वाटा हेच पाय पेलतात. म्हणून चालणाऱ्या मांजराचे खांदे पाठीवर वर-खाली होतात. हे एकदा डोळ्यांत भरलं की तोललेलं धड कागदावर आपोआप जड होऊ लागतं.

पंख आले की गणित आणखी बिघडतं. पक्ष्याचा पंख म्हणजे त्याचा हातच. चार पाय असलेल्या ड्रॅगनला पंख लावले की सहा अवयव होतात, आणि ते पंख हलवणारे छातीचे स्नायू ठेवायला जागा उरत नाही. ‘हॉबिट’ चित्रपटमालेत हा पेच उघड्यावर आला: पहिल्या भागात (२०१२) स्मॉग ड्रॅगनचे पुढचे पाय ओझरते दिसले, पुढच्या भागात ते पंखांत विरून गेले. ‘हाउ टू ट्रेन युअर ड्रॅगन’मधल्या (२०१०) टूथलेसने मात्र सहाही अवयव ठेवले आणि तरी तो पटतो, कारण त्याच्या अंगात काळा बिबट्या मुरलेला आहे. तो दबा धरतो, ढुंगण हलवतो, उडी मारण्याआधी मागच्या पायांवर भार घेतो. शास्त्र हरलं तरी चालतं, निरीक्षण हरून चालत नाही. ‘स्टार वॉर्स’साठी प्राणी घडवणारी टेरिल व्हिटलॅच कल्पित प्राण्याचाही सांगाडा आधी काढते, तो याचसाठी.

इथे कुणी म्हणेल, कल्पनेच्या जनावराला शरीरशास्त्राचा जाच कशाला? ओडिशाच्या पटचित्रांतला नवगुंजर पाहा. कोंबड्याचं डोकं, मोराची मान, बैलाचं वशिंड, सिंहाची कंबर, शेपटीच्या जागी साप. हत्तीचा, वाघाचा आणि हरणाचा किंवा घोड्याचा असे तीन पाय, आणि चौथ्या जागी माणसाचा उचललेला हात. हत्तीच्या खांबासारख्या पायाशेजारी हरणाची काडी ठेवली तर प्राणी कोसळायला हवा. तो कोसळत नाही, कारण पटचित्रात छायाच नाही. सगळं एका सपाट पातळीवर, रेषेच्या तालावर उभं आहे, आणि प्रत्येक अवयव ओळखू यावा एवढीच तिथली अट आहे. आजच्या बहुतेक चित्रांची अडचण अशी की त्यांना दोन्ही हवं असतं: लोकरीची छाया अशी की बोट रुतेल, आणि उभं राहणं मात्र पटचित्रासारखं हवेत.

भार दाखवायची आणखी एक रीत आपल्याच दाराशी आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी किल्ल्यांच्या दरवाज्यांवर शरभ नावाची कल्पित श्वापदं कोरलेली आहेत. जंजिऱ्याच्या महाद्वाराशी असंच एक वाघासारखं श्वापद पंजांत हत्ती पकडून उभं आहे. कारागिराने स्नायूंचा फारसा खटाटोप केलेला नाही. पंजाखाली इवलासा हत्ती दाबला की वरच्या जनावराचं वजन बघणाऱ्याच्या मनात आपोआप तयार होतं. पायाखालचं काहीतरी दबलं पाहिजे, वाकलं पाहिजे, निदान मातीत खळगा पडला पाहिजे.

या उपक्रमांनी एक नवी सवय लावली आहे, तीही तपासायला हवी. प्रत्येक पात्राचा एक ‘रेफ शीट’ असतो: पुढून, मागून, बाजूने, शेजारी रंगांचे ठिपके, कानाच्या टोकाचा पट्टा डावीकडे की उजवीकडे याची टीप. दुसऱ्याने काढताना चूक होऊ नये म्हणून ही सोय. पण हळूहळू पात्र म्हणजे ठिपक्या-पट्ट्यांचा नकाशा होऊन बसतं. हल्ला करणाराही तो नकाशा इमानेइतबारे उतरवतो, आणि जनावर पासपोर्टच्या फोटोला उभं राहिल्यासारखं ताठ राहतं. ते कसं चालतं, कुठे खाजवतं, पावसात कसं आकसतं, हे शीटवर नसतं. चित्राखाली येणारी दादही रंगांनाच मिळते. पाय चुकला असं सांगणं या जगात उद्धटपणा समजला जातो.

तरीही मला या खेळाचं मोल वाटतं, ते परक्या जनावरामुळे. एरवी जो तो आपल्या लाडक्या कोल्ह्यापाशीच घुटमळतो. इथे सूड घ्यायचा तर समोरच्याने जे रचलं तेच काढावं लागतं: आज घोरपडीचं अंग, उद्या वटवाघळाचे पंख, परवा नुसतीच गोगलगाय. ज्याने आयुष्यात खूर काढला नव्हता तो त्या आठवड्यात गाईच्या खुरांचे फोटो शोधत बसतो. यंत्राने बनवलेल्या चित्रांना तिथे मज्जाव आहे, त्यामुळे हा शोध कुणावर ढकलताही येत नाही.

जुलैच्या शेवटी-शेवटी, हात दमलेले असताना, काही घाईची रेखाटनं येतात. रंग नाही, केस नाहीत, पाठीची एक वळणदार रेघ, चार पाय आणि त्यांतल्या एकावर झुकलेलं सगळं अंग. महिन्याभरातली सर्वांत जिवंत जनावरं बहुधा हीच असतात. रंग, छाया, देखावा यांचे गुण त्यांना मिळत नाहीत, आणि गुणतक्त्यात झुकण्याचा रकाना नाही.