संग्रहालयाच्या शेजारची जमीन

बालाघाटच्या वकिलाने पुण्याच्या शुक्रवार पेठेतील संग्रहालयाची उठाठेव का करावी, असे कोणी विचारील. उत्तर आमच्याच जिल्ह्यात आहे. गुंगेरिया गावी १८७० साली मातीतून तांब्याची ४२४ अवजारे व चांदीचे १०२ पत्रे निघाले. त्यांतील काही आज लंडनला आहेत, काही नागपूरला. भूमिगत निधीसंबंधीचा कायदा झाला तो पुढे १८७८ साली! वस्तू भूमीपासून तुटली म्हणजे काय होते, हे आम्हांस पुस्तकातून शिकावे लागत नाही.

दिनकर गंगाधर केळकर यांनी दिवंगत पुत्र राजा याच्या नावाने उभारलेले संग्रहालय १९७५ साली महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. संग्रह २०,००० वस्तूंच्या वर; त्यांतील थोडाच भाग वाड्याच्या दालनांत मांडता येतो. समया, लामणदिवे, अडकित्ते, विळ्या, अंग घासण्याच्या वज्री, कोरीव दारे. राजदरबाराचा थाट येथे गौण आहे. स्वयंपाकघर, माजघर आणि देवघर येथे नांदते. आपल्या आजीच्या हातची समई येथील एखाद्या समईशी ताडून पाहावी, असे वाटावयास लावणारे हे स्थान आहे. जागा अपुरी, म्हणून शहराबाहेर बावधनला नवे संग्रहालय उभारण्याची योजना पुढे आली. प्रकाश, हवा, वाहनतळ, सारे तेथे मिळेल. परंतु ज्या पेठेतील घरांनी या वस्तू घडविल्या व वापरल्या, ती पेठ तेथे मिळणार नाही.

मग शेजारचे वाडे संपादन करावे काय? येथे कायदा मोठा विलक्षण आहे. संरक्षित स्मारक धोक्यात आले तर त्याचे रक्षण हेच सार्वजनिक प्रयोजन मानून ते संपादन करण्याची तरतूद १९५८ च्या कायद्यात आहे. २०१० च्या दुरुस्तीने स्मारकाभोवतीच्या शंभर मीटरांत बांधकामास मनाई झाली. संग्रहालयाला हे कवच नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातील सार्वजनिक प्रयोजनांत पर्यटन व क्रीडा नावानिशी आहेत, संग्रहालय नाही. त्याने पर्यटनाच्या दाराने आत शिरावयाचे! देवस्थानची जमीन घेतली तर मोबदला देवाच्या नावे होतो, कारण प्रतिष्ठित मूर्ती कायद्याने व्यक्ती ठरते. तीच मूर्ती संग्रहालयात आली की पुरावस्तू होते, आणि पुरावस्तूला शेजार नसतो.

तरीही सक्तीच्या संपादनाची बाजू मी घेणार नाही. शासनाच्या स्वतःच्या प्रकल्पास जमीनधारकांची संमती कायद्याने आवश्यक नाही. खाजगी कंपनीस मात्र ती मिळवावी लागते. शहरात बाजारभावाच्या दुप्पट रक्कम मिळते हे खरे, पण ती मुख्यतः मालकाच्या पदरात पडते. चार पिढ्या एकाच खोलीत दिवा लावणाऱ्या भाडेकरूचे काय? त्याच्या कोनाड्यातील देव उठवून, त्याच जागी काचेच्या पेटीत दुसऱ्याचे देव बसवावयाचे, हा व्यवहार मला सोसवत नाही. शासनाने वाटाघाटीने एकेक वाडा विकत घ्यावा, राहणाऱ्यास त्याच पेठेत घर द्यावे, आणि जो जावयास तयार नाही त्याला राहू द्यावे. वेळ लागेल. केळकरांनाही अडकित्त्यांमागून अडकित्ते गोळा करावयास उभे आयुष्य लागले होते, आणि त्यांनी कोणाच्या घरावर नोटीस चिकटविली नव्हती.