गाळलेल्या पाण्याचा धडा

लहान मुलांना जैन धर्माची ओळख करून देणाऱ्या काही पुस्तिका मी मुद्दाम जमवून वाचल्या. णमोकार मंत्र, चोवीस तीर्थंकर, त्रिशलामातेची स्वप्ने, डसणाऱ्या चंडकौशिक नागाला शांत करणारे महावीर, रात्री जेवू नये, पाणी गाळून प्यावे. चित्रे गोड, भाषा सोपी. जिवाला जीव मानायला शिकवणारे हे वाङ्मय मुलांच्या हाती पडते याबद्दल माझी तक्रार नाही. वेदप्रामाण्य नाकारणाऱ्या श्रमणपरंपरेशी आम्हा बौद्धांचे नाते जुनेच आहे.

पण पाणी गाळण्याच्या धड्यापाशी मी अडतो. फडक्यात राहिलेले सूक्ष्म जीव फेकायचे नाहीत, ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत ते परत सोडायचे, असा हा नियम. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाचा विहिरीवर हक्क आहे! याच महाराष्ट्रात त्या विहिरीपासून दूर, कुणी वरून पाणी वाढील म्हणून रिकामी घागर घेऊन ताटकळणाऱ्या माणसाला तो नव्हता. वस्तीतल्या एखाद्या मुलाने हे वाचून विचारले, की या जीवांच्या यादीत माझी आजी कुठे बसते, तर मास्तर काय सांगणार? एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत जीवांचे वर्ग पुस्तिकेत आहेत. माणसाने माणसाचे पाडलेले वर्ग मात्र गाळण्यातच राहिले आहेत.

सांगायला काही नाही म्हणावे, तर तसेही नव्हे. श्वेतांबरांच्या उत्तराध्ययनसूत्राचे बारावे अध्ययन हरिकेशबल मुनीचे आहे. हा चांडाळकुळातला. यज्ञमंडपात भिक्षेला जातो, ब्राह्मण त्याला हिणवतात, त्यांची पोरे काठ्यांनी झोडपतात. शेवटी तोच त्यांना खरा यज्ञ कोणता ते ऐकवतो. मुलांना आवडावी अशीच गोष्ट. मी पाहिलेल्या पुस्तिकांत ती नाही. (तिथेही मारणाऱ्यांना आवरायला यक्ष लागतो, आणि मान मिळतो तो तपस्व्याला, त्याच्या वाड्यातल्या भावंडांना नाही, हे मी विसरत नाही.)

यामागे निव्वळ विसराळूपणा आहे असे मला वाटत नाही. मुंबई प्रांतात १९४७ साली हरिजन मंदिरप्रवेशाचा कायदा झाला (हरिजन हा शब्द कायद्याचा, माझा नव्हे) आणि जैन मंदिरे त्यातून वगळावीत म्हणून आचार्य शांतिसागरांनी धान्य वर्ज्य केले. १९५१ साली उच्च न्यायालयाने निर्णय दिला, की जैन मंदिरात हिंदूंनाच हक्क नसेल, तर तो या कायद्याने हरिजनांना मिळत नाही. कायद्याच्या दृष्टीने युक्तिवाद चोख असेल. पण जो धर्म मुंगीसाठी पाऊल जपून टाकायला सांगतो, त्याचे आचार्य अन्न सोडतात ते कशासाठी, हे मुलांना कधी कळायचे?

आणि कुंभोजच्या जैन घरात जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढून सर्व जातींची मुले एका छपराखाली, एका पंगतीला आणली. त्यांचे चित्र या पुस्तिकांत मी पानोपानी शोधले. एकीतही नाही.