पुढचा अंक कुणाला मिळतो?

लिहिणाऱ्या माणसाला हमखास मिळणारा सल्ला म्हणजे 'रोज थोडं लिहीत जा'. सुचण्याची वाट बघू नका, हात चालता ठेवा, लेखन आपोआप सुधारेल. सल्ला खोटा नाही, पण त्यातलं 'आपोआप' मला खटकतं. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी गद्यात नेमानं, थोडं थोडं आणि लोकांसमोर लिहिण्याचे दोन ठळक प्रयोग झाले. ते शेजारी शेजारी ठेवून वाचले तर नेमानं लिहिण्यातून लेखकाचं काय वाढतं आणि काय वाढत नाही, हे बऱ्यापैकी दिसतं. त्याच काळातल्या तिसऱ्या एका लेखिकेला मात्र असा नेम धरण्याची सोयच नव्हती. हा लेख खरं तर तिच्यामुळे लिहावासा वाटला.

पहिला प्रयोग गोपाळ हरी देशमुखांचा. 1848 ते 1850 या काळात भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' या मुंबईच्या साप्ताहिकात त्यांनी 'लोकहितवादी' या टोपणनावानं पत्रं लिहिली. सुरुवात केली तेव्हा ते पंचविशीत होते, सरकारी नोकरीत होते. आपण 'शतपत्रे' म्हणतो, प्रत्यक्षात ती 108 आहेत. पत्रं छोटी, वाक्यं त्याहून छोटी. सजावट जवळजवळ नाही. समोर बसलेल्या माणसाला खडसवावं तशी भाषा.

आज ही पत्रं एका बैठकीत वाचायला घेतली की कंटाळा येतो, हे कबूल करायला हरकत नसावी. तेच विषय परत परत येतात: पाठांतराची विद्या, विधवांचे हाल, आळस, इंग्रजांचं राज्य. बांधीव पुस्तकात हा दोष वाटतो. पण ही पत्रं पुस्तकासाठी लिहिलेली नव्हती. आठवड्याच्या अंतरानं वाचणाऱ्याला तीच गोष्ट दर वेळी वेगळ्या बाजूनं भेटत होती. पाठांतराच्या विद्येवरचा राग एका ठिकाणी नुसता राग असतो. दुसरीकडे तोच विषय व्यापार का बुडाला, कारागीर का भिकेला लागले या प्रश्नाला जोडलेला दिसतो. लोकहितवादींची शैली या दोन वर्षांत फारशी सुधारली असं मला वाटत नाही. विचार मात्र हलत राहिला. शेवटचा शब्द आपणच उच्चारला पाहिजे, हा ताण छोट्या पत्रावर नसतो. आज अर्धवट राहिलेलं पुढच्या पत्रात पुरं करता येतं.

दुसरा प्रयोग अधिक मोठा आणि अधिक प्रसिद्ध. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जानेवारी 1874 मध्ये 'निबंधमाला' हे मासिक सुरू केलं, तेव्हा ते चोविशीच्या आत होते आणि सरकारी शाळेत शिकवत होते. पुढच्या सात वर्षांत 84 अंक निघाले आणि ते जवळजवळ एकट्यानं लिहिलेले आहेत. नोकरी सांभाळून एका माणसानं महिन्यामागून महिना एक अख्खं मासिक लिहीत राहणं हे आजही अचाट वाटतं.

या हट्टाचा एक धागा लंडनपर्यंत जातो. शास्त्रीबुवांना सॅम्युअल जॉन्सनविषयी मोठा आदर होता. जॉन्सनच्या 'रासेलस'चं वडिलांनी, म्हणजे कृष्णशास्त्र्यांनी, सुरू केलेलं भाषांतर त्यांनी पुरं केलं आणि मालेत जॉन्सनवर विस्तारानं लिहिलं. या जॉन्सननं 1750 ते 1752 या दोन वर्षांत 'द रॅम्बलर' हे पत्र आठवड्यातून दोनदा काढलं होतं. त्याचे 208 अंक निघाले आणि मोजके सोडले तर सगळे त्यानंच लिहिले. शब्दकोशाचं अवाढव्य काम चालू असतानाच त्यानं हा व्याप अंगावर घेतला होता.

'निबंधमाले'त शैली वाढताना दिसते. मराठी भाषेच्या तेव्हाच्या स्थितीवरच्या निबंधापासून सुरुवात करणारा हा लेखक पुढे लांब, अनेक पदरी वाक्य असं काही पेलायला लागतो, की मराठीत इतकं ऐसपैस वाक्य बसतं हे वाचकाला त्याच्यामुळेच कळावं. उपरोध धारदार होतो. एखादा विषय एका अंकात न आटपता पुढे नेण्याची मोकळीक तो घेतो. मोरोपंतांच्या कवितेवरचं लेखन हे त्याचं चांगलं उदाहरण. पुढचा अंक आपलाच आहे, ही खात्री असल्याशिवाय इतक्या सावकाश लिहिता येत नाही.

पण याच मालेत त्यांनी लोकहितवादींवर आणि जोतीराव फुल्यांवरही लिहिलं. फुल्यांवरचं लेखन वाचताना माझा उत्साह मावळतो. मतभेद होता म्हणून नाही. मतभेद तर समीक्षेचं अन्नच आहे. इथे शैली प्रश्नापर्यंत पोचतच नाही. फुल्यांच्या भाषेतल्या, व्याकरणातल्या चुकांना हसण्यात ती रमते आणि ते काय विचारताहेत याला बगल देते. सरावानं कमावलेला सूर इतका तयार झालेला आहे, की लेखकाला थांबून विचार करायची गरजच उरलेली नाही. नेमाचा धोका मला इथे दिसतो. सराव हात तयार करतो. कुठे थांबायचं हे तो शिकवत नाही. लोकहितवादींची भाषा ओबडधोबड राहिली आणि विचार हलला. शास्त्रीबुवांचं वाक्य वाढलं, भूमिका मात्र घट्ट होत गेली. हा निवाडा कुणाला ठोकळ वाटेल, पण दोघांना सलग वाचल्यावर माझ्या हाती हाच उरतो.

17 मार्च 1882 रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, चिपळूणकर गेले. त्याच वर्षी पुण्यात 'स्त्री पुरुष तुलना' हे छोटं पुस्तक छापलं गेलं. लेखिका बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. सुरतेतल्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला बालहत्येच्या आरोपाखाली 1881 मध्ये शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांनी सगळ्या स्त्रीजातीला दोष द्यायला सुरुवात केली. त्याला हे उत्तर होतं. गद्य वेगवान आहे, बोलतं आहे. मध्येच पुरुषांना हाक मारतं, पुराणातल्या देवांचीही हजेरी घेतं, टोमणा मारून पुढे निघतं. काही ठिकाणी विस्कळीत होतं, काही ठिकाणी स्वतःचंच म्हणणं ओलांडून जातं. पहिल्या लेखनात असतात तशाच या गोष्टी आहेत. चौथ्या-पाचव्या अंकात त्या सावरल्या असत्या.

पण ताराबाईंना चौथा-पाचवा अंक नव्हता. पुस्तकावर टीका झाली. जोतीरावांनी 1885 मध्ये 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली. त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आपल्यासमोर नाही. प्रतिभेत त्या कुणाहून उण्या होत्या असं ते पुस्तक वाचून कुणी म्हणणार नाही. त्यांच्या हाती साप्ताहिक नव्हतं, छापखाना नव्हता आणि त्यांनी पुढे काय लिहिलं हे विचारणारा वाचकवर्ग नव्हता. 'रोज लिहीत जा' हा सल्ला देणारे ही गोष्ट गृहीत धरतात. लेखक वाढतो तो दुसऱ्या, दहाव्या, चौऱ्याऐंशीव्या वेळी. ती वेळ कुणाच्या वाट्याला येते, हे प्रतिभा ठरवत नाही.

मी भाईंदर पूर्वेला केबिन रोडला राहते. इथल्या बहुतेक माणसांचा दिवस लोकलच्या वेळापत्रकावर चालतो आणि जो काही वेळ लिहिण्याला मिळतो तो गाडीत किंवा रात्री ओटा आवरल्यावर. तरी लिहिणारी माणसं आहेत. आम्ही पाच जणं महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो. शिकवण्या घेणाऱ्या एक बाई आहेत, एक निवृत्त बँक कर्मचारी आहेत. छापण्याची अडचण आज कुणालाच नाही. खिशातला फोन हाच छापखाना. ताराबाईंना न मिळालेला पुढचा अंक आम्हाला फुकट मिळाला आहे. पण गेल्या महिन्याचं लेखन लक्षात ठेवून या महिन्याचं वाचणारा माणूस फोन देत नाही. म्हणून आमचा एकच नियम आहे: नवं पान वाचण्याआधी मागच्या पानावर आलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं. शिकवण्या घेणाऱ्या बाई सासूच्या आजारपणावर चार महिने लिहीत होत्या. दर वेळी छान जमायचं आणि दर वेळी सारखंच. 'या सगळ्यात सासूबाई काय बोलतात?' असं कुणी तरी विचारलं. पाचव्या पानात सासूबाई बोलल्या, आणि लेखन पहिल्यांदा त्या बाईंच्या सोयीचं राहिलं नाही.

मराठी समीक्षेकडे माझी मागणी याच नियमाची आहे. आपण पुस्तक बांधून हातात येईपर्यंत थांबतो आणि मग त्यात पुनरुक्ती आहे, विस्कळीतपणा आहे असं लिहितो. सदरं, मासिकातली लेखमाला, फोनवर रोज लिहिली जाणारी पानं ही आपल्याला कच्चा माल वाटतात. पण लेखक घडतो ते तिथेच. त्याच वेळी त्याचं मागचं पान आठवणारा, चांगलं जमलेल्या सुरावर संशय घेणारा वाचक त्याला लागतो. शास्त्रीबुवांना चाहते पुष्कळ होते. असा वाचक असता तर फुल्यांवरचं लेखन कदाचित वेगळं झालं असतं. आणि ताराबाईंना तो फुल्यांच्या रूपानं मिळाला तरी एकटाच मिळाला. स. गं. मालशे यांनी 'स्त्री पुरुष तुलना' पुन्हा छापून मराठी वाचकांपुढे ठेवलं ते 1975 मध्ये. मधल्या 93 वर्षांत त्या पुस्तकाबद्दल लेखिकेला एखादा प्रश्न विचारता येईल, अशी वेळ केव्हाच निघून गेली होती.