बोलेरोचे पुनरुज्जीवन आणि ‘रोमान्स’ (१९९१)

लुईस मिगेल या मेक्सिकन गायकाचा ‘रोमान्स’ हा ध्वनिसंग्रह नोव्हेंबर १९९१ मध्ये प्रकाशित झाला, तेव्हा त्यांचे वय एकवीस होते. संग्रहातील बारांपैकी बहुतेक गीते मात्र त्यांच्या जन्मापूर्वीची होती. मारिया ग्रेव्हेर यांचे ‘कुआंदो व्हुएल्व्हा आ तू लादो’ १९३४ चे, तर सेसार पोर्तिलो दे ला लूस यांचे ‘कोन्तिगो एन ला दिस्तान्सिया’ १९४६ चे. तरुण श्रोत्यांत लोकप्रिय असलेल्या गायकाने आजोबांच्या पिढीची गाणी गावीत, हे व्यावसायिकदृष्ट्या धाडसच होते. ते यशस्वी ठरले. ‘इनोल्व्हिदाब्ले’ व ‘नो से तू’ ही दोन्ही गीते ‘बिलबोर्ड’च्या लॅटिन सूचीत अग्रस्थानी पोहोचली आणि बोलेरो पुन्हा तरुणांच्या ओठी आला.

तथापि पुन्हा आला तो कोणता बोलेरो, हा प्रश्न उरतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्यूबातील सान्तियागो येथे गिटारच्या साथीने घडलेला हा गीतप्रकार मेक्सिकोत रेडिओ, चित्रपट आणि त्रयी-गायनातून रुजला. १९४४ मध्ये न्यूयॉर्क येथे स्थापन झालेल्या ‘लोस पांचोस’ या त्रयीने त्यास ‘रेकिन्तो’ या लहान, उंच स्वराच्या गिटारची जोड दिली. तेथे वाद्य गायकाशी संवाद करते. गायक थांबला की गिटार उत्तर देते. ‘रोमान्स’मध्ये हा संवाद मागे पडतो. बेबू सिल्व्हेत्ती यांच्या संयोजनातील विपुल तंतुवाद्यवृंद गायकाच्या आधीच भावना ठरवून टाकतो. त्यामुळे ‘ला बार्का’तील ताटातूट आणि ‘कोन्तिगो एन ला दिस्तान्सिया’तील दूरस्थ सहवास या परस्परभिन्न अवस्था जवळजवळ एकाच रेशमी पोताच्या होतात. वेदना आहे, पण ती कोठेही खरखरीत नाही.

अर्थात केवळ सुशोभीकरण म्हणून या संग्रहाची बोळवण करणे अन्यायाचे ठरेल. सहनिर्माते आर्मान्दो मान्सानेरो हे स्वतः बोलेरोचे श्रेष्ठ रचनाकार होते. परंपरा बाहेरून उचललेली नव्हती. तिच्या एका वारसदारानेच ती नव्या कंठाच्या स्वाधीन केली होती. शिवाय या कंठाचे सामर्थ्य निर्विवाद आहे. दीर्घ श्वास आणि वरच्या सप्तकातही न फाटणारा स्वर हे गुण येथे सर्वत्र जाणवतात. परंतु नेमकी हीच परिपूर्णता काही ठिकाणी आड येते. ‘ला पुएर्ता’सारख्या गीतात, जेथे शब्दच अडखळतात, तेथे स्वर अडखळत नाही.

या दृष्टीने ‘उस्तेद्’ हे गीत विशेष लक्षणीय होय. ‘उस्तेद्’ म्हणजे ‘आपण’. स्पॅनिश भाषेत प्रेयसीला सामान्यतः ‘तू’ म्हटले जाते. येथे मात्र तिला आदरार्थी संबोधन आहे, आणि आदराच्या त्या अंतरातूनच आर्जव व आरोप दोन्ही उमटतात. मराठी वाचकास हा सूक्ष्म भेद अनुवादाविना कळावा. याच संग्रहातील मान्सानेरो यांच्या ‘नो से तू’च्या शीर्षकातच ‘तू’ आहे, आणि तेथील जवळीक गायकास सहज साधते. ‘उस्तेद्’मध्ये त्यांना अंतर राखून गावे लागते, आवाज आवरावा लागतो. तंतुवाद्ये येथेही आहेतच. तरीही गायक त्यांच्या लाटेवर स्वार न होता शब्दाच्या मागे मागे चालतो, आणि संबोधनातील दुखरा उपचार ऐकू येतो.