गोळीबार 'करावा लागला'

मराठीत एक सोय आहे, कर्ता गिळायची. 'याने मारले' असं म्हणायचं नसेल तर 'मारावे लागले' म्हणा. मेलेला मेला, मारणारा वाक्यातून पसार. या सोयीचा जेवढा उपयोग पोलीस गोळीबाराच्या बातमीने करून घेतला तेवढा दुसऱ्या कुणी केलेला नाही. 'जमाव हिंसक झाला. पोलिसांना नाइलाजाने गोळीबार करावा लागला. त्यात अमुक जण ठार झाले. परिस्थिती तणावपूर्ण परंतु नियंत्रणात आहे.' ही बातमी लिहायला वार्ताहराला तिथे जावंसुद्धा लागत नाही. गावाचं नाव आणि आकडा तेवढा बदलायचा.

कवितेवर समीक्षा लिहिणारे आपल्यात पुष्कळ झाले. मला या बातमीवर लिहायचं आहे. आपल्या माणसांच्या मरणाबद्दलचं सर्वांत जास्त वाचलं गेलेलं मराठी वाङ्मय हेच आहे, आणि त्याचा लेखक कधी सही करत नाही.

मी राहतो चिमूरला. इथल्या पोट्ट्यांना 16 ऑगस्ट शिकवावा लागत नाही, तो हवेतच असतो. 1942 साली नागपंचमीच्या दिवशी लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळ्या घातल्या, बालाजी रायपूरकर हा कोवळा पोरगा पडला. मग गाव पेटलं. सरकारी अधिकारी आणि पोलीस लोकांच्या हातून जिवे गेले. पुढे फौज आली, तिने बायांवर जे अत्याचार केले त्यांच्या चौकशीसाठी सेवाग्रामच्या प्रा. भन्साळींनी 63 दिवस उपास केला. फाशीच्या शिक्षा झाल्या, त्या 1945 मध्ये जन्मठेपेवर आल्या. आज चिमूरला स्मारक आहे, 16 ऑगस्टला पुढारी येतात, हार पडतात, भाषणं होतात. त्या दिवशी चिमूरचे लोक इंग्रजाच्या कोर्टाला दंगेखोर दिसले, आपल्याला क्रांतिकारक दिसतात. मी स्वतः त्या स्मारकासमोर वाकतो. त्यांचा मान मला तसूभर कमी करायचा नाही.

पण मग पंचावन्न वर्षांनी घाटकोपरला काय झालं ते बघा. 11 जुलै 1997. माता रमाबाई आंबेडकर नगरात सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. लोक हमरस्त्यावर आले. राज्य राखीव पोलीस दलाची गाडी आली, उपनिरीक्षक मनोहर कदम याच्या हुकमाने गोळ्या सुटल्या. 10 ठार, 26 जखमी. बहुतेकांना गोळ्या कमरेच्या वर लागल्या. वस्तीने एकाही पोलिसाचा जीव घेतला नव्हता. तरी छापून आलं काय, तर 'जमाव'. चिमूरच्या लोकांनी साहेब मारले, त्यांना क्रांतिकारक म्हणतात. रमाबाई नगराने कुणालाच मारलं नाही, ते हिंसक. हिशेब बसवून दाखवा कुणीतरी.

पुढे टँकरची गोष्ट आली. लोक गॅसचे टँकर पेटवणार होते, अख्खा घाटकोपर उडाला असता, म्हणून गोळीबार करावा लागला म्हणे. न्या. गुंडेवार आयोगाने गोळीबार समर्थनीय नसल्याचं सांगितलं, कदमवर ठपका ठेवला. 2009 साली सत्र न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. हायकोर्टातून जामीनही झाला. म्हणजे बारा वर्षांनी का होईना, कोर्टाच्या कागदावर कर्ता सापडला. पण शहरात कुणालाही विचारा, त्याला टँकर आठवतो. कदम आठवत नाही. पहिल्या दिवशीची बातमी निकालाहून चिवट असते.

आनंद पटवर्धनांनी चौदा वर्षं खपून 2011 मध्ये 'जय भीम कॉम्रेड' पुरा केला. तीन तासांहून मोठा सिनेमा. टँकरच्या गोष्टीची त्याने चिरफाड केली, हे काम आपल्यातल्या एकाही लेखकाने केलं नव्हतं, हे आधी कबूल करू. विलास घोगरे यांच्या मरणापासून तो सुरू होतो. वस्तीतला गोळीबार सहन न होऊन त्या शाहिराने कपाळाला निळी पट्टी बांधून गळफास घेतला. इथपर्यंत सिनेमा अंगावर येतो. पुढे शाहिरी येते, जलसे येतात, कलापथकं येतात, गाणी एकाहून एक सरस. आणि माझी तक्रार इथेच आहे. आमच्या इथे पाहून उठलेली पोरं गाणी गुणगुणत बाहेर पडली. दहातलं एक नाव सांग म्हटलं तर कुणाला सांगता येईना. घोगरे मात्र सगळ्यांना माहीत. शाहिराचं मरण लक्षात राहतं, कारण त्याच्यामागे आवाज आहे. रस्त्याकडेला गोळी लागून पडलेल्याच्या मागे फक्त पंचनामा आहे, आणि तो आपण वाचत नाही. यात दोष अर्धा सिनेमाचा, अर्धा आपला.

आपल्या भागाकडे येऊ. नागपूर, 23 नोव्हेंबर 1994. विधानभवनावर गोवारींचा मोर्चा, पोलिसांचा लाठीमार, 114 मेले. त्यात बाया आणि लेकरं पुष्कळ. झिरो माईलजवळ स्मारक आहे. त्या दिवसासाठी मराठीने शब्द दिला 'चेंगराचेंगरी'. काय शब्द आहे बाप्पा! एकमेकांनी एकमेकांना चेंगरलं. लाठी या शब्दात शिरतच नाही. ज्यांनी मारलं ते बाजूला उभे, आणि मेलेल्यांच्याच पायांवर मेलेल्यांचा गुन्हा.

दुसरा शब्द 'चकमक'. चकमक म्हणजे गारगोटी, ठिणगी पाडायची. तिला आपटायला समोर काहीतरी टणक लागतं. म्हणून चकमक म्हटलं की दोन्हीकडे हत्यार होतं हे न सांगता सांगून होतं. 22 एप्रिल 2018 ला भामरागड तालुक्यात बोरिया-कसनासूरच्या जंगलात आणि लगेच पुढे मिळून 40 मारले गेले. काही प्रेतं इंद्रावतीच्या पाण्यातून काढली. त्यातली आमची काही पोरं लग्नाला निघाली होती असं गट्टेपल्लीच्या लोकांनी सांगितलं. या सांगण्याची नीट चौकशी व्हायची राहिली बाजूला, 'चकमक' शब्दाने आधीच निकाल दिला होता. माडियाची भाषा वेगळी, ती मराठी बातमीत उतरायला वाटच नाही.

इथे एक बाजू मी सोडणार नाही. त्याच जंगलात नक्षलवादी गोंड-माडिया पोरांना 'पोलिसांचा खबऱ्या' म्हणून मारतात. तो शब्दसुद्धा चकमकीसारखाच, उच्चारला की खटला संपला. आणि 1 मे 2019 ला जांभुळखेड्याच्या स्फोटात 15 पोलीस आणि त्यांचा ड्रायव्हर गेले, तीही गरिबांचीच लेकरं. पण त्यांची नावं छापून आली, फोटो आले, सलामी झाली. यायलाच पाहिजेत. कसनासूरच्या चाळीसांचं मात्र आकड्यातच भागलं.

आता तिकडच्या गोऱ्यांच्या मुलखाबद्दल, कारण आजकाल आपल्याकडच्या पांढरपेशांना तिथलं फार कळतं. 25 मे 2020 ला मिनियापोलिस शहरात एका गोऱ्या पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाच्या मानेवर नऊ मिनिटांहून जास्त वेळ गुडघा ठेवला. पोलिसांचं पहिलं निवेदन काय होतं? पोलिसांशी संबंध आला असताना 'वैद्यकीय घटना' होऊन माणूस वारला. गुडघा गायब! एका सतरा वर्षांच्या पोरीने फोनवर सगळं टिपलं होतं म्हणून कर्ता सापडला, नाहीतर तो वैद्यकीय घटनेतच गेला असता. 2021 मध्ये त्या पोलिसाला साडेबावीस वर्षं झाली.

तेव्हा पुण्या-मुंबईच्या पुष्कळ मराठी लोकांनी फ्लॉइडसाठी हळहळ लिहिली. चांगलं केलं. मग डिसेंबर 2024 मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, धरपकड झाली, आणि सोमनाथ सूर्यवंशी हा वडार समाजाचा, कायदा शिकणारा तरुण 15 डिसेंबरला कोठडीत मेला. शवविच्छेदनात कारण आलं, अनेक जखमांमुळे बसलेला धक्का. विधानसभेत मुख्यमंत्र्यांनी सांगितलं, मारहाण झाली नाही, त्याला श्वसनाचा आजार होता. ही दोन वाक्यं शेजारी ठेवून वाचा. तिकडे वैद्यकीय घटना, इकडे श्वसनाचा आजार. सात समुद्र ओलांडून वाक्याची घडण तीच. 2025 च्या जुलैत औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवायचा हुकूम दिला, राज्य सरकार त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं, तिथेही हुकूम टिकला. मिनियापोलिसवर लिहिणारे हात परभणीपर्यंत पोचता पोचता बधिर झाले होते.

ते म्हणतात, तिकडे वंश आहे, इकडे जात, दोन्ही एक करू नका. एक नाहीतच. पण 2001 मध्ये डर्बनच्या वंशभेदविरोधी परिषदेत जातीचा विषय येऊ नये म्हणून भारत सरकारने जो आटापिटा केला, तो इतकं वेगळं असतं तर कशासाठी? दुसरं म्हणतात, पोलिसांत तुमचेही लोक आहेत, गोळी जात विचारत नाही. फ्लॉइडच्या प्रकरणात कामावरून काढलेल्या चार पोलिसांत एक काळा होता. घोड्यावर बोट कुणाचं, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. नळी कोणत्या वस्तीकडे वळते आणि कोणत्या वस्तीकडे कधीच वळत नाही, ते बघा. मलबार हिलला गोळीबार 'करावा लागला' अशी बातमी तुम्ही कधी वाचली?

आता घरचं. 1966 मध्ये ओकलंडला ब्लॅक पँथर सुरू झाली तेव्हा तिचं पहिलं काम होतं पोलिसांच्या गाडीमागे जाऊन उभं राहणं. बंदूक होती, हे सगळे सांगतात. बंदुकीबरोबर कायद्याचं पुस्तक होतं हे कमी सांगतात. ह्यूई न्यूटन पोलिसाला कलम वाचून दाखवायचा. 1972 साली आपण नाव घेतलं, डरकाळी घेतली. 1974 च्या जानेवारीत वरळीला पोलिसांच्या गोळीने रमेश देवरुखकर गेले, दगडाने भागवत जाधव गेले. त्यांच्यावर कविता झाल्या. रक्त, सूर्य, ज्वालामुखी सगळं त्यात आहे. गोळी किती वाजता सुटली, इशारा दिला होता का, हुकूम कुणाचा, हे एकाही कवितेत मला सापडलं नाही. कवितेत ते कशाला, असं कुणी म्हणेल. कबूल. मग गद्यात कुठे आहे? बाबासाहेबांनी 1946 मध्ये ड्युबॉइस यांना पत्र लिहिलं, तेव्हा मागितलं काय, तर निग्रोंनी युनोकडे केलेल्या अर्जाच्या प्रती. आम्ही ज्वालामुखी मागवतो.

बेकायदा जमाव पांगवण्याचा अधिकार फौजदारी संहितेच्या 129 कलमात होता, आता नागरिक सुरक्षा संहितेत 148 आहे. त्या कृतीबद्दल खटला भरायला सरकारची मंजुरी लागते, ते कलम 132 होतं, आता 151. म्हणजे कर्ता गिळायची सोय फक्त व्याकरणात नाही, कायद्यातही करून ठेवली आहे. 'जमाव' हा शब्द कागदावर चढल्याशिवाय तो अधिकार सुरूच होत नाही. म्हणून 'जमाव' हा शब्द बातमीत इतक्या घाईने येतो. आपल्या पत्रकांत, निषेध-सभांच्या ठरावांतसुद्धा 'जमावावर गोळीबार' असं लिहिलेलं मी पाहिलं आहे. पोलिसांची बाजू आपणच स्टेन्सिलवर कापून द्यायची, शाई आपली, कागद आपला!

पुढच्या अंकात या विषयाला पानं ठेवली आहेत. ज्यांच्या गावात, वस्तीत गोळीबार किंवा कोठडीतलं मरण झालं असेल त्यांनी जबान्या उतरवून पाठवा. घरच्यांना विचारून, त्यांची मर्जी असेल तर नावासकट. माणूस काय काम करायचा, त्या सकाळी घरातून कशाला निघाला होता, गोळी कुठे लागली, दवाखान्यात कुणी नेलं, पोलिसांचा कागद कोणत्या तारखेचा. कविता नंतर बघू. मजकूर तपासायचं काम माझ्याकडे आहे, आणि 'जमाव' शब्द जिथे येईल तिथे मी तो कापून बाजूला विचारणार आहे, कोण कोण होतं?