कसब्यातील रीतिरिवाज : पुराव्याचा प्रश्न

पुण्याच्या जुन्या वस्तीतील, विशेषतः कसबा पेठ व तिच्या परिसरातील रीतिरिवाजांविषयी आजवर जे लेखन झाले, त्यात देवालये, वाडे आणि मिरवणुकी यांना अग्रस्थान मिळाले आहे. हे लेखन उपेक्षणीय खचित नाही. भारत इतिहास संशोधक मंडळाने ‘पुणे नगर संशोधन वृत्ता’च्या द्वारे जी साधने उजेडात आणली, त्यांवाचून पेठांचा इतिहास लिहिणे दुष्करच झाले असते. तथापि कागद मुळात कोणत्या प्रसंगी निर्माण होतो, याचा विचार या लेखनात क्वचितच आढळतो. इनाम, हक्क किंवा मान यांविषयी तंटा उपस्थित झाला म्हणजे कागद होतो. जी रीत बिनतक्रार चालते तिचा कागद होत नाही. त्यामुळे अभ्यासकाच्या हाती ‘परंपरा’ म्हणून जे येते, ते पुष्कळदा एखाद्या जुन्या तंट्याचे अवशेष असते.

गणेशोत्सवातील मानाच्या गणपतींचा क्रम हे याचे ठळक उदाहरण होय. १८९३ नंतरच्या आरंभीच्या वर्षांत विसर्जनाच्या मिरवणुकीत पुढे कोणी चालावे हा वाद निघाला, आणि टिळकांनी ग्रामदैवत म्हणून कसबा गणपतीला पहिला व ग्रामदेवता म्हणून तांबडी जोगेश्वरीला दुसरा मान दिला, असे सांगतात. काही लेखक या क्रमाला पुरातन मानतात, तर काही त्यास केवळ टिळकांची निर्मिती समजतात. दोन्ही मते एकांगी आहेत. गुरुजी तालमीचा सार्वजनिक उत्सव १८८७ चा, म्हणजे या पाचांत आधीचा; तरी त्याचे स्थान तिसरे. केसरीचा उत्सव १८९४ चा व तुळशीबागेचा त्यानंतरचा. तरी तुळशीबाग चौथी आणि केसरीवाडा पाचवा. अर्थात, हा क्रम उत्सवांच्या वयावरून लागलेला नाही. अग्रमानापुरते बोलायचे तर ग्रामदैवताचा हक्क जुना आहे; ज्या मिरवणुकीत तो मान्य झाला ती मात्र नवी. ज्यांच्या नावे हा निवाडा सांगितला जातो, त्यांच्याच संस्थेचा गणपती शेवटी चालतो, हेही लक्षणीय आहे.

याच्या उलट स्थिती आळ्यांची. संक्रांतीची सुगडे, अक्षय्यतृतीयेला पितरांच्या नावे द्यावयाची करा-केळी, नवरात्रातील घट ही सर्व कुंभाराच्या चाकावरची. विवाहातील ऐरणीदानाला, ज्यास वंशपात्रदान असेही म्हणतात, बुरुडाची वेळूची दुरडी लागते; तिच्यावाचून हा विधी होत नाही. देवपूजेतील ताम्हन-पळी आणि न्हाणीघरातील बंब-घंगाळ हे तांबटाचे काम. सोवळ्याओवळ्याचे नियम काटेकोरपणे पाळणाऱ्या घरांतही कुंभाराच्या हातचा घट थेट देवघरात जात असे व त्याबद्दल कोणाची हरकत नसे. जातिव्यवहाराच्या अभ्यासकाला खरे तर मिरवणुकीच्या क्रमाहून ही हरकत नसणेच अधिक उद्बोधक वाटावयास हवे. परंतु हरकत नाही म्हणून निवाडा नाही, आणि निवाडा नाही म्हणून नोंद नाही. वर्णनपर ग्रंथांत तांबट आळी व बुरूड आळी यांचा निर्देश बहुधा स्थलनामापुरता राहतो, त्याचे कारण हेच.

कागद नाही म्हणून पुरावाच नाही, असे मात्र नव्हे. लग्नामुंजीत दिलेल्या भांड्यांवर देणाऱ्या-घेणाऱ्यांची नावे, प्रसंग आणि तिथी किंवा तारीख कोरून घेण्याची रीत महाराष्ट्रात सर्वत्र आहे. असे एखादे घंगाळ कोणत्या घरातून कोणत्या घरात गेले, केव्हा गेले व कोणत्या नात्याने गेले, हे त्याच्या काठावरच वाचता येते. हा कोरीव लेखांचा मोठाच संग्रह असून त्याची पद्धतशीर नोंद झाल्यास दप्तरांत न सापडणारे घरोघरचे देणेघेणे कालानुक्रमे मांडता येईल. मोडी लिपीतील कागदांना जे संरक्षण लाभले, ते या भांड्यांना लाभलेले नाही. स्टेनलेस स्टीलचा प्रसार झाल्यापासून जुने तांबे-पितळ मोडीच्या भावाने विकले जात आहे. तांबट आळीत मठारकाम आजही चालते, पण कारागीर थोडे उरले आहेत. मोडीत आलेले भांडे वितळविण्यापूर्वी त्यावरील अक्षरांचा ठसा घेण्यास शाई, कागद आणि दुकानदाराची संमती एवढेच पुरे आहे.